क्रुसांनंतरच्या सात पिढ्या

दरवर्षी फेब्रुवारी महिन्याच्या आरंभी वसई परिसरात संत गोन्सालो गार्सिया यांचा सण साजरा होतो. गास येथील चर्च तर त्यांच्याच नावाने उभे आहे. त्या दिवशी होणारी बहुतेक प्रवचने एका टेकडीवर येऊन थांबतात. ५ फेब्रुवारी १५९७ चा तो दिवस, नागासाकी शहरालगतची निशिझाका टेकडी, ओळीने उभे केलेले सव्वीस क्रूस आणि त्या क्रुसांवरून ऐकू येणारी प्रार्थना. आम्हीही अशी प्रवचने केली आहेत आणि पुढेही करू. हुतात्म्यांचे स्मरण करणे हे ख्रिस्तसभेचे जुने आणि गोड कर्तव्य आहे. परंतु प्रवचन संपवून आम्ही वेदीकडे वळतो तेव्हा एक प्रश्न मनात रेंगाळत राहतो. त्या टेकडीच्या पायथ्याशी उभे राहून ज्यांनी ते मरण डोळ्यांनी पाहिले, ती सामान्य माणसे दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करीत होती? आणि त्यांची मुले, नातवंडे, पणतवंडे?

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. धर्मग्रामात वार्षिक साधना होते. तीन दिवस चर्च ओसंडून वाहते, पापनिवेदनासाठी रांगा लागतात, वर्षानुवर्षे न बोलणारे भाऊ एकमेकांच्या उंबऱ्यावर जातात. महिना उलटतो आणि बांधाचा तंटा पुन्हा बांधावर येतो. सायंकाळची जपमाळ आधी आठवड्यातून चारदा होते, मग दोनदा, मग केवळ ऑक्टोबर महिन्यात. ‘फादर, तेव्हा जे वाटत होतं ते आता वाटत नाही,’ हे वाक्य आमच्या परिचयाचे आहे, आणि ते बोलणारी माणसे बहुधा प्रामाणिक असतात. जे वाटले ते खोटेच होते की काय, अशी शंका त्यांना छळत असते. अशा माणसांसाठी निशिझाका टेकडीच्या पुढचा इतिहास सांगावा, असे आम्हांला बरेच दिवस वाटत आहे.

प्रथम आपल्या गोन्सालोविषयी थोडे. १५५६-५७ च्या सुमारास वसईत त्यांचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज, माता इथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली ते शिकले, कोवळ्या वयात त्यांच्यासोबत जपानला गेले, तेथील भाषा अस्खलित बोलू लागले. पुढे त्यांनी काही काळ व्यापार केला. नंतर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाले आणि १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासोबत दुभाषी म्हणून जपानला परतले. ते धर्मगुरू नव्हते, ही गोष्ट भाविकांच्या ध्यानी नसते. दुसऱ्याचे शब्द तिसऱ्याला समजतील अशा भाषेत पोहोचविणे हे त्यांचे रोजचे काम होते. १५९६ च्या अखेरीस हिदेयोशी या सत्ताधीशाची मर्जी फिरली आणि चोवीस जणांना पकडून, डाव्या कानाचा तुकडा कापून, भर हिवाळ्यात क्योतोहून नागासाकीपर्यंत चालविण्यात आले. वाटेत आणखी दोघांची भर पडली. सव्विसांमध्ये सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. त्यांतला लुई इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता. येशूसंघीय पॉल मिकी यांनी क्रुसावरून अखेरचे प्रवचन केले. १६२७ साली त्यांना धन्यवादित म्हणून आणि ८ जून १८६२ रोजी संत म्हणून घोषित करण्यात आले.

यापुढे जे घडले ते मात्र प्रवचनांत क्वचितच येते.

त्या सव्वीस मरणांनी नागासाकीतील ख्रिस्ती समाज भयभीत होण्याऐवजी पेटून उठला. पुढील सतरा वर्षे तेथे चर्चेस उभी राहिली, मिरवणुका निघाल्या, रुग्णालये चालली. मग १६१४ साली तोकुगावा राजवटीने साऱ्या देशात ख्रिस्ती धर्माला बंदी घातली. चर्चेस पाडण्यात आली, धर्मगुरूंना जहाजात बसवून देशाबाहेर पाठविण्यात आले. काही लपून मागे राहिले, काही वेष पालटून परत आले, आणि एकेक करून पकडले गेले. १० सप्टेंबर १६२२ रोजी त्याच निशिझाका टेकडीवर पंचावन्न जणांना ठार मारण्यात आले. १६३७-३८ मध्ये शिमाबारा येथे करांनी आणि छळाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी उठाव केला, तो रक्तात बुडविण्यात आला. १६३९ पासून पोर्तुगीज जहाजांना बंदर बंद झाले. देशातील अखेरचे धर्मगुरू मानले जाणारे जपानी येशूसंघीय कोनिशी मान्शो यांना १६४४ साली मृत्युदंड मिळाला. त्यानंतर मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, दृढीकरण नाही, मरणाऱ्याला तैलाभ्यंग नाही. ही स्थिती दोनशे वीस वर्षे राहिली.

राज्यकर्त्यांना एव्हाना एक गोष्ट उमगली होती. क्रुसावर मारलेला माणूस लोकांना स्फूर्ती देतो. म्हणून त्यांनी रोजच्या आयुष्यालाच वेढा घातला. प्रत्येक कुटुंबाने बौद्ध मंदिरात नाव नोंदवावे, मंदिराने दाखला द्यावा, अंत्यविधी त्याच मंदिराच्या भिक्षूकडून करावा, असा नियम झाला. पाचपाच घरांचे गट बांधण्यात आले. एका घरात ख्रिस्ती सापडला तर पाचही घरे जबाबदार. चव्हाट्यावर फलक लागले, पाद्री पकडून देणाऱ्यास चांदीची पाचशे नाणी, साध्या भाविकाबद्दल त्याहून कमी. आणि नववर्षाच्या सुरुवातीला दरवर्षी होणारी ती परीक्षा, जिला फुमिए म्हणतात. ख्रिस्ताची किंवा पवित्र मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि घरातील प्रत्येकाने, मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, तिच्यावर पाय ठेवून पुढे जायचे. आरंभी कागदावरची चित्रे वापरीत, ती फाटत. मग लाकडी फळीत बसविलेली पदके आली, आणि १६६९ मध्ये पितळेच्या प्रतिमा ओतवून घेण्यात आल्या. आज संग्रहालयात असलेल्या काही प्रतिमांवरील चेहरा पायांनी झिजून गुळगुळीत झालेला दिसतो.

अशा वेढ्यात नागासाकीजवळच्या उराकामी गावात, सोतोमेच्या किनाऱ्यावर, गोतो आणि इकित्सुकी बेटांवर जे ख्रिस्ती उरले, ते बहुतांशी गरीब शेतकरी आणि कोळी होते. त्यांनी काय केले? थोडक्यात सांगायचे तर त्यांनी कामे वाटून घेतली.

उराकामीत तीन प्रकारचे सेवक होते. चोकाता हा गावाचा मुख्य. वर्षाचे पंचांग त्याच्याकडे असे आणि कोणता सण कधी येतो हे तो काढून देई. मिझुकाता, म्हणजे पाण्याचा माणूस, बालकांना स्नानसंस्कार देई. आणि किकियाकू घरोघर फिरून निरोप पोहोचवी, या रविवारी अमुक सण, पुढच्या आठवड्यात अमुक उपवास. काही गावांत नव्या स्नानसंस्कारकाला आधीच्या सेवकाच्या हाताखाली किमान पाच वर्षे शिकावे लागे. सूत्रातील एखादा शब्द गळला तर साऱ्या पिढीचा संस्कार व्यर्थ जाईल, ही धास्ती त्यामागे होती. पोर्तुगीज आणि लॅटिन शब्द, ज्यांचा अर्थ त्यांच्यापैकी कोणालाच कळत नव्हता, बापाने मुलाला तोंडी शिकविले. प्रार्थनांना ते ओराशो म्हणत. मूळ लॅटिन शब्द ओळखू येतो, नाही का?

ही व्यवस्था संकटात अचानक सुचलेली नव्हती, आणि आमच्या मते या इतिहासातील हीच सर्वांत शिकण्याजोगी बाब आहे. छळ सुरू होण्यापूर्वीच प्रापंचिकांचे संघ तेथे बांधले गेले होते. नागासाकीत १५८३ पासून मिझेरिकॉर्डिया म्हणजे दयासंघ काम करीत होता, तसा गोव्यातही होता. डोमिनिकन धर्मगुरूंनी जपमाळेचे संघ स्थापिले होते. आजाऱ्याकडे जाणे, मृताला पुरणे, मुलांना प्रश्नोत्तरी शिकविणे, धर्मगुरू नसेल तर प्रार्थना चालविणे, ही कामे ते लोक पूर्वीपासून करीत होते. धर्मगुरू गेले तेव्हा कामे करणारे हात जागेवरच होते. धर्मगुरू या नात्याने हे लिहिताना आम्हांला थोडे बोचते, पण खरे तेच लिहावे. ज्या धर्मग्रामात सारे काही फादरांनीच करायचे असते, तेथे असा प्रसंग आल्यास काय उरेल, याची कल्पनाही करवत नाही.

पंचांगाविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे. सोतोमे परिसरात बास्तिआन नावाच्या एका जपानी धर्मशिक्षकाची परंपरा आहे. १६३४ सालच्या सणांचे जपानी चांद्र तिथींवर बसविलेले पंचांग त्याच्या नावाने चालत आले. त्याच्या नकला हातोहात उतरवून घेतल्या जात. त्यात कोणत्या दिवशी शेतात काम करायचे नाही, खत टाकायचे नाही, सुई हाती घ्यायची नाही, हे पाळले जाई. जरा विचार करा. शेजारचा बौद्ध कुणबी आपल्या शेतात राबतो आहे, हंगामाचे दिवस आहेत, आणि एक बाई सुई बाजूला ठेवते. दिसायला काहीच घडलेले नसते. पाच घरांपैकी कोणाच्या ध्यानीही येत नसे. पण तिच्या मुलीला ठाऊक असते की आईने आज सुई ठेवली, आणि का ठेवली. अशा सुया दोन शतके ठेवल्या गेल्या. कोणी चित्रकाराने त्याचे चित्र काढलेले नाही. काढणार तरी कसे?

त्याच बास्तिआनच्या नावाने एक भाकीतही सांगितले जाई. सात पिढ्यांपर्यंत तुम्हांला मी माझी मुले मानीन. त्यानंतर मोठ्या काळ्या जहाजांतून पापनिवेदन ऐकणारे येतील, आणि तुम्ही दर आठवड्याला पापनिवेदन करू शकाल. भविष्यकथनावर विश्वास ठेवावा की नाही हा वेगळा प्रश्न. या लोकांनी भविष्यात जे मागितले ते मात्र पाहण्यासारखे आहे. राज्य नव्हे, सूड नव्हे, धन नव्हे, तर पापनिवेदन.

ते त्यांना इतके का हवे होते, याचे उत्तर फुमिएमध्ये आहे. येथे आम्हांला सावधपणे लिहिले पाहिजे, कारण हा नाजूक विषय आहे. हे लोक प्रतिमेवर पाय ठेवीत होते. वर्षातून एकदा, दरवर्षी, आयुष्यभर. श्रद्धेचा उघड नकार हे गंभीर पाप आहे असे आम्ही सेमिनरीत शिकलो, आणि ते चूक आहे असे आजही आम्ही म्हणणार नाही. ज्यांनी पाय ठेवला नाही आणि प्राण दिले, त्यांचे मोल या लोकांमुळे तिळभरही कमी होत नाही. परंतु पाय ठेवल्यानंतर या लोकांनी जे केले तेही इतिहासात नोंदले पाहिजे. १६०३ साली, धर्मगुरू अजून देशात होते तेव्हा, संपूर्ण पश्चात्तापाविषयीची एक लहान पुस्तिका जपानी भाषेत तयार झाली होती. धर्मगुरू मिळत नसेल, तर देवावरील प्रेमापोटी केलेला मनापासूनचा पश्चात्ताप आणि संधी मिळताच पापनिवेदन करण्याचा निश्चय, यांनी क्षमा लाभते, ही ख्रिस्तसभेची शिकवण तिच्यात सोप्या शब्दांत होती. या पश्चात्तापाला ते पोर्तुगीज शब्दावरून कोंचिरिसान म्हणत. छापील प्रती नष्ट झाल्या, हस्तलिखिते टिकली. फुमिएहून घरी आल्यावर कुटुंब दार लावून घेई आणि ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणे.

यावर कोणी म्हणेल, हा तर सोयीचा मार्ग झाला. पाप करा, प्रार्थना म्हणा, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आम्हांला तसे वाटत नाही. सोय पाहणारा माणूस पहिल्या वर्षी रडतो, तिसऱ्या वर्षी नुसती प्रार्थना पुटपुटतो आणि दहाव्या वर्षी तीही सोडून देतो. कारण पश्चात्ताप सोडून दिला की पाय टाकणे अगदी हलके होते. या लोकांनी पाय हलका होऊ दिला नाही. त्यांना तो दोनशे वर्षे जड वाटत राहिला. मुलाला ते दोन्ही गोष्टी एकदमच शिकवीत: उद्या तुला पाय ठेवावा लागेल, आणि ते वाईट आहे. मुख्य याजकाच्या वाड्यात कोंबडा आरवल्यावर पेत्र बाहेर जाऊन रडला. तो रडला म्हणूनच पुढे तिबेर्य समुद्राच्या काठी त्याला तीनदा विचारता आले. शूसाकू एन्दो या जपानी कॅथलिक लेखकाची १९६६ सालची ‘मौन’ ही कादंबरी याच प्रश्नाभोवती फिरते. तिच्यातील उत्तर आम्हांला पूर्णपणे पटत नाही, पण प्रश्न खरा आहे.

आमच्या वसईतही १७३९ मध्ये पोर्तुगीज सत्ता गेली आणि ख्रिस्ती समाजावर नवी वेळ आली. काही जण तिची तुलना जपानशी करतात, ती योग्य नव्हे. येथे स्थानिक धर्मगुरू राहिले, मिस्सा चालू राहिल्या, कोणालाही प्रतिमा तुडवावी लागली नाही. मराठी मुलुखात आपण ख्रिस्ती म्हणून उघडपणे जगलो याबद्दल आपण कृतज्ञ असावे. तरीही सायंप्रार्थनेची ओढ, घरातील वडीलधाऱ्यांनी प्रश्नोत्तरी घोकून घेणे, ही आपल्याकडेही धर्मगुरूंहून आया-आज्यांनीच अधिक टिकविली आहेत, हे जुनी माणसे जाणतात.

आता १८६५ कडे येऊ. जपानची बंदरे परदेशीयांसाठी उघडली होती, पण जपानी माणसाला ख्रिस्ती धर्माची बंदी कायम होती. पॅरिसच्या परदेशी मिशन संघाच्या फ्रेंच धर्मगुरूंनी नागासाकीतील ओउरा येथे, परदेशी रहिवाशांसाठी म्हणून, एक चर्च बांधले. १९ फेब्रुवारी १८६५ रोजी त्याचे आशीर्वचन झाले. ते सव्वीस हुतात्म्यांना अर्पण केलेले आहे, म्हणजे आपल्या गोन्सालोंनाही. चर्चचे तोंड निशिझाका टेकडीच्या दिशेला ठेवण्यात आले.

१७ मार्च रोजी, शुक्रवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास, फादर बर्नार्ड पेतिजाँ यांना चर्चच्या दारात बारा-पंधरा माणसे उभी दिसली. बायका, पुरुष, मुले. त्यांनी दार उघडले, आत जाऊन गुडघे टेकले. तेवढ्यात इझाबेलिना युरी नावाची एक स्त्री जवळ आली आणि इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाली की, आमच्या सगळ्यांच्या मनात तेच आहे जे तुमच्या मनात आहे. आणि तिने विचारले, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? फादर त्यांना पवित्र मरियेच्या वेदीपुढे घेऊन गेले. ती सारी उराकामीची माणसे होती.

ही गोष्ट अनेकांनी ऐकलेली असेल. तिच्यातील एका बारीक तपशिलाकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. बोलता बोलता त्या लोकांनी फादरांना सांगितले, आम्ही सध्या दुःखाचा काळ पाळतो आहोत, आज त्याचा सतरावा दिवस, तुम्हीही तो पाळता का? दुःखाचा काळ म्हणजे आपला प्रायश्चित्तकाळ. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्च रोजी होता. मोजून पाहा. १७ मार्च हा बरोबर सतरावा दिवस येतो. दोनशे वीस वर्षे एकही धर्मगुरू नाही, रोमशी पत्रव्यवहार नाही, छापील पंचांग नाही, आणि खेड्यातल्या शेतकऱ्यांचा हिशेब एका दिवसानेही चुकला नव्हता. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. मूर्ती पाहून डोळ्यांत पाणी येणे एका क्षणात होते. सतरावा दिवस ठाऊक असायला चोकातांच्या सात पिढ्या लागतात. उराकामीचा सातवा चोकाता किचिझो ही भेट पाहू शकला नाही. १८५६ च्या धरपकडीत तो पकडला गेला आणि तुरुंगातच वारला.

पुढील महिन्यांत इतर गावांची माणसेही रात्री-अपरात्री येऊ लागली. रोमचा मोठा धर्माधिकारी कोण, तुम्ही धर्मगुरू विवाह करता का, असे प्रश्न ते विचारीत, आणि उत्तरे ऐकून त्यांची खात्री पटे. धर्मगुरूंनी त्यांचे स्नानसंस्काराचे सूत्र तपासले. काही गावांत ते शुद्ध होते, काही ठिकाणी शब्द झिजले होते. शंका होती तेथे सशर्त स्नानसंस्कार देण्यात आला.

येथे गोष्ट संपविता आली असती तर ती फार सुंदर ठरली असती. पण १८६५ ची भेट हाही शेवटी स्फूर्तीचा एक क्षणच होता, आणि त्याच्याही दुसऱ्या दिवशी सकाळ झाली. १८६७ मध्ये उराकामीच्या लोकांनी आपले मृत बौद्ध भिक्षूंच्या हाती देण्यास नकार दिला. आता आम्ही लपणार नाही, असा त्याचा अर्थ होता. त्याच वर्षी जुलैमध्ये रात्री धाड पडली, गावातील पुढारी भाविक पकडले गेले. तुरुंगात यातना सुरू झाल्यावर जवळजवळ सर्वांनी धर्म नाकारला. दोन वर्षांपूर्वी आनंदाश्रूंनी न्हालेली हीच माणसे! केवळ ताकागी सेनएमोन नावाचा एक शेतकरी डगमगला नाही. बाकीचे सुटून घरी आले तेव्हा त्यांना घरात पाऊल टाकवेना. काही दिवसांतच त्यांच्यातील अनेक जण गावच्या मुखियाकडे गेले आणि आम्ही दिलेला नकार मागे घेतो, असे सांगून आले. पुन्हा अटक होणार हे त्यांना ठाऊक होते.

राजवट बदलली, छळ बदलला नाही. १८६८ ते १८७० या काळात उराकामीच्या सुमारे ३४०० लोकांना देशभर हद्दपार करण्यात आले. कुटुंबे तोडली गेली. त्सुवानो येथे सेनएमोनला गोठलेल्या तळ्यात ढकलण्यात आले; यासुतारो नावाचा एक जण तीन फुटी पिंजऱ्यात कोंडल्याने मरण पावला. या निर्वासनात सहाशेहून अधिक माणसे दगावली. बाहेरील राष्ट्रांचा दबाव वाढल्यावर फेब्रुवारी १८७३ मध्ये बंदीचे फलक खाली आले आणि उरलेले लोक परतले. त्या साऱ्या निर्वासनाला उराकामीचे लोक एका साध्या शब्दाने ओळखतात: ‘प्रवास’.

परतल्यावर घरे पडलेली, शेते गेलेली. १८७४ मध्ये आमांशाची साथ आली. निर्वासनातून आलेली इवानागा माकी ही तरुणी आणि तिच्या काही मैत्रिणी फादर मार्क द रोत्झ यांच्यासोबत रुग्णांची सेवा करू लागल्या. संसर्ग घरी जाऊ नये म्हणून त्या सेनएमोनच्या खोपटात राहिल्या. आईबाप गमावलेली मुले त्यांनी सांभाळायला घेतली आणि त्यातूनच पुढे स्त्रियांचा एक सेवासंघ उभा राहिला. क्रुसासाठी तयार झालेली माणसे भांडी घासू लागली, एवढेच याविषयी म्हणता येईल.

सर्व गुप्त ख्रिस्ती ख्रिस्तसभेत परतले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. इकित्सुकी आणि इतर काही ठिकाणी पुष्कळांनी आपल्या पूर्वजांची रीतच धरून ठेवली. वाडवडिलांनी जीव धोक्यात घालून जे दिले ते टाकून नव्या परदेशी पाद्र्यांचे ऐकावे, हे त्यांना जमले नाही. त्यांना नावे ठेवणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. ज्या निष्ठेने सतरावा दिवस जपला, तीच निष्ठा त्यांना थांबवून गेली. आता त्या परंपरेचे लोक फार थोडे उरले आहेत. २०१८ साली नागासाकी परिसरातील या गुप्त ख्रिस्ती स्थळांचा जागतिक वारशात समावेश झाला. २०१४ सालच्या १५ जानेवारीस परमगुरू फ्रान्सिस यांनी स्नानसंस्कारावर बोलताना या लोकांचा दाखला दिला होता, आणि २४ नोव्हेंबर २०१९ रोजी ते स्वतः निशिझाका टेकडीवर जाऊन आले.

उराकामीच्या लोकांना गावात चर्च हवे होते. १८८० साली त्यांनी त्यासाठी गावच्या मुखियाचा जुना वाडा विकत घेतला. फुमिए दरवर्षी याच वाड्यात होत असे. जेथे त्यांनी आणि त्यांच्या आज्या-पणज्यांनी पाय ठेवला होता, तेथेच ते मिस्सासाठी गुडघे टेकू लागले. १८९५ मध्ये त्याच आवारात मोठ्या चर्चचे काम सुरू झाले. पैसे साठत तशा विटा चढत. ते १९१४ मध्ये पूर्ण झाले, मनोरे १९२५ मध्ये आले.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तो या चर्चपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. उराकामीच्या सुमारे बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार मरण पावले. चोकातांच्या घराण्यातील मिदोरी, म्हणजे डॉक्टर ताकाशी नागाई यांची पत्नी, तिच्या घरात गेली. राखेत तिच्या हाडांजवळ वितळलेली जपमाळ सापडली. स्वर्गोन्नयनाचा सण सहा दिवसांवर आला होता. त्याची तयारी म्हणून त्या सकाळी चर्चमध्ये दोन धर्मगुरू बसले होते आणि भाविक रांगेत उभे होते. ती रांग पापनिवेदनाची होती.